लुगड्याच्या सोळा फाका

शिवणकाम ही बघून शिकायची गोष्ट. आई शिवत असते, मूल शेजारी बसून सुईत दोरा ओवून देतं आणि चार-सहा वर्षांत केव्हातरी त्याचा हात आपोआप चालू लागतो. ते बोलून शिकवायचं म्हणजे पत्र लिहून पोहायला शिकवण्यासारखं आहे. आकाशवाणीवरच्या भाषणासाठी हा विषय मी सुचवला तेव्हा घरातले हसलेच. कविता लिहिणाऱ्या बाईनं कविता वाचावी, हे कापडचोपड कशाला? पण वाचकांच्या हाती श्रोत्यांपेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे कागद. ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकू नका. तिच्यातच आपल्याला माप कापायचं आहे.

काय शिवायचं ते आधी सांगते. वीस इंच व्यासाचा एक गोल तुकडा. कलिंगडाच्या फाकांसारख्या सोळा फाका जोडून केलेला वरचा थर, मध्यभागी एक चांदवा, आत जुन्या मऊ कापडाचा थर, खाली अस्तर, या सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा आणि कडेनं मगजी. म्हणजे गोधडीच, पण लहान आणि गोल. तिपाईवर अंथरा, टेबलावर फुलदाणीखाली ठेवा. आमच्या घरात ताटावर झाकायच्या कापडाला सरपोस म्हणतात. ईदला शिरखुर्म्याच्या वाट्या शेजारी जातात त्या ताटावर आमच्याकडे हाच तुकडा असतो, आणि दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतं तेव्हा त्याच्यावरही मी शिवून दिलेला त्याचाच जोडीदार असतो.

परंडा म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो आणि किल्ला म्हटलं की तोफा. विजापूरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये इथूनच तिकडे गेली. मला मात्र गावाची ओळख वाकळांवरून पटते. शेतातली कामं सरली, ऊन तापू लागलं की दुपारच्या वेळी सारवलेल्या अंगणात लुगडी पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि दोन-तीन बायांनी कडेला बसून टाके घालायला लागायचं, हे दृश्य माझ्या लहानपणी दर गल्लीत होतं. दसऱ्याच्या आधी त्याच वाकळा नदीवर धुवायला निघायच्या. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांवर भांड्यांच्या जोडीला जे गठ्ठे बांधलेले असतात, ते आजही याच वाकळांचे असतात. कोपीत थंडीला तेवढाच आधार.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढच्या कामात तो उपयोगी पडतो. रजई किंवा दुलई वेगळी आणि गोधडी वेगळी. रजईत पिंजलेला कापूस असतो. तो पिंजायचं काम पिंजाऱ्यांचं. त्यांच्या धनुकलीचा टणत्कार ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो आठवेल. कापूस आत सरकतो, गोळा होतो, म्हणून रजई धुवायची नाही, उसवून कापूस पुन्हा पिंजायचा. गोधडीत कापूस नसतो. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्या थरांतून जाणारा टाका. म्हणून ती नदीवर नेऊन बडवता येते. आपला गोल तुकडा टेबलावरचा, त्यावर चहा सांडणार, डाळ सांडणार. म्हणून त्यातही कापूस नको, जुन्या सुती कापडाचे दोन थर पुरेत.

मी या गोल तुकड्याकडे वळले ते हौसेनं नाही. २०११ मध्ये माझी अम्मा गेली. आम्ही सहा भावंडं. तिची बरी लुगडी, शाल, चपला, सगळं चाळिसाव्याच्या आत गरजूंना देऊन टाकलं. तशी रीतच आहे आणि ती चांगली आहे. माणूस गेल्यावर त्याचे कपडे कपाटात कोंडून कुणाचं भलं होतं? पण एक इरकली लुगडं राहिलं. अम्मा ते रोज घरात नेसायची. बसण्याच्या जागी विरलेलं, एका बाजूला काठ सुटलेला. मोठे भाई म्हणाले, तेही देऊन टाका, आपण काही ठेवायचं नाही. आपा म्हणाली, "इत्ता फटेला किसे देते?" तिचं म्हणणं खरं होतं. फाटकं दान करणं म्हणजे दान नव्हे. मग ते कुणाकडे राहायचं? वाकळ शिवली तर ती एक होणार, आणि एका वाकळीवर सहा जणांचा हक्क कसा सांगायचा? बोलण्यातून बोलणं वाढलं. दोन महिने आपा आणि भाई एकमेकांशी बोलले नाहीत. बाहेरच्याला हे हसण्यासारखं वाटेल. ज्यांच्या घरात वाटणी करायला शेत नसतं, त्यांच्याकडे लुगड्यावरून असं होतं.

अब्बा शिंपी होते. ते अम्माच्या आधीच गेले होते, पण त्यांचं एक वाक्य मला आठवत होतं, की कापड किती आहे हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, गजानं मोजायचं. मी मोजलं. आणि मोजल्यावर भांडण संपलं, कारण सहा जणांच्या सहा तुकड्यांना मिळून त्या लुगड्यातलं एक वारसुद्धा लागत नव्हतं. ते कसं, हे सांगण्यासाठी आता मापाकडे वळू.

पुरवणीचं जोडपान पूर्ण उघडा. त्यातून वीस इंचांचा चौकोन कापा. तो एकदा मधोमध दुमडा, मग दुसऱ्या दिशेनं पुन्हा मधोमध. आता दहा इंचांचा चार पदरी चौकोन झाला. त्याचा एक कोपरा असा आहे की तिथे कागद कुठूनही सुटा नाही. ते आपलं केंद्र. केंद्र हातात धरून चौकोन तिरपा दुमडा, म्हणजे त्रिकोण होईल. त्याच टोकातून तो पुन्हा एकदा दुमडा. चार घड्या झाल्या, सोळा भाग झाले. आता टेप घेऊन टोकापासून दहा इंचांवर चार-पाच ठिकाणी खुणा करा आणि त्या खुणांवरून कमानीसारखं कापा. मग टोकापासून दोन इंचांवर तशाच खुणा करून टोक कापून टाका. घडी उघडली की मध्ये भोक असलेलं गोल चाक मिळेल आणि त्यावर सोळा घड्या असतील. त्यातली एक फाक कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. ही झाली तयार फाक. आठ इंच लांब, बाहेरच्या बाजूला चार इंचांना अर्धा सूत कमी आणि आतल्या बाजूला पाऊण इंचाहून किंचित जास्त रुंद.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि शिंपी दोघेही तो वापरतात. फाकेच्या दोन्ही सरळ कडांना शिवणीसाठी दोन-दोन सूत वाढवायचे, म्हणजे पाव-पाव इंच. बाहेरच्या गोल कडेला काही वाढवायचं नाही, कारण तिला मगजी लागणार आहे. आतल्या कडेलाही नाही, ती चांदव्याखाली जाणार आहे. आता पुठ्ठा कापून घ्या. तुमचा साचा तयार.

टोक का कापलं, असं कुणी विचारेल. सोळा टोकं एका बिंदूत आणली तर तिथे बत्तीस पदर शिवणीचे जमतात. सुई शिरत नाही, गाठ उभी राहते आणि वर ठेवलेली वाटी डुगडुगते. अनुभवी हात ते जमवतात, पण चांदवा लावला की नवख्या माणसाचीही सुटका होते. शिवाय चांदवा दिसतोही छान.

आता लुगड्याचा हिशेब. साडेआठ इंच उंचीची एक आडवी पट्टी घ्या. तिच्यावर साचा एकदा सुलटा, एकदा उलटा असा ठेवत गेलं, म्हणजे एकीच्या रुंद बाजूशेजारी दुसरीची अरुंद बाजू, तर पंचेचाळीस इंच पन्ह्यात पंधरा फाका बसतात. अब्बा परकराच्या कळ्या अशाच उलटसुलट कापायचे. प्रत्येक तुकड्यात आठ फाका अम्माच्या आणि आठ दुसऱ्या कापडाच्या, असं आम्ही ठरवलं. सहा तुकड्यांना अठ्ठेचाळीस फाका. चार पट्ट्यांत साठ निघतात. चार पट्ट्या म्हणजे चौतीस इंच, आणि वार असतो छत्तीस इंचांचा. विरलेला भाग सोडून चांगला भाग निवडायलाही मुभा राहिली. नऊवारी लुगड्याचा उरलेला सगळा भाग आतल्या थरांना गेला, म्हणजे दिसत नाही पण तोही सहा जणांकडे आहे. दुसऱ्या आठ फाका ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या आणल्या. भाईंनी जुन्या सदऱ्याच्या, आपानं लेकीच्या परकराच्या.

कापण्याआधी तीन गोष्टी करा. कापड नवं असेल तर एकदा भिजवून वाळवून घ्या, नाहीतर शिवल्यावर नवी फाक आटेल आणि जुनी आटणार नाही. लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून बघा. आणि कापड खरोखर सुती आहे का याची खात्री करा. एक धागा उपसून काडीनं पेटवला की कळतं. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटानं चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. आजकाल घरात साठलेल्या साड्यांपैकी निम्म्याहून जास्त या मण्याच्या असतात. त्यांची वाकळ होते, बायका करतातही, पण ती घाम शोषत नाही. सुती फाकेशेजारी तशी फाक आली तर इस्त्री एकीला सोसते आणि दुसरीला नाही. दोन्हींची मिसळ करू नका.

साचा ठेवताना फाकेची मधली रेघ कापडाच्या उभ्या धाग्यावर येऊ द्या. तसं केलं की दोन्ही तिरक्या कडांवर सारखाच ताण येतो. तिरकी कड ओढली की लांबते, तिला शिंपी उरेब म्हणतात. म्हणून कापलेल्या फाका हाताळताना कडेनं ओढायच्या नाहीत. हा शब्द आला म्हणून जाता जाता सांगते. शिंप्याच्या डब्यात सुई, दोरा, कात्री हे शब्द घरचे. अस्तर, मगजी, उरेब, अंगुस्तान, रफू हे फारसीच्या वाटेनं आलेले. आणि काज पोर्तुगिजांकडून. एका सदऱ्यात हे सगळे शेजारी शेजारी बसतात आणि शिवण कुठे दिसत नाही.

फाका जोडायचा क्रम महत्त्वाचा आहे. एकीला एक जोडत गोल पुरा करू नका. आधी दोन-दोनच्या आठ जोड्या करा. मग जोडीला जोडी लावून चार-चारचे चार तुकडे, मग आठ-आठचे दोन अर्धे. प्रत्येक वेळी शिवण बोटानं किंवा इस्त्रीनं बसवून घ्या. आता थांबा. एक अर्धा टेबलावर सपाट ठेवा आणि त्याच्या सरळ कडेला फूटपट्टी लावा. ही कड मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत यायला हवी. कड आत गेली किंवा बाहेर फाकली तर चूक इथेच दुरुस्त होते, एखादी शिवण उसवून थोडी आत-बाहेर घेतली की झालं. दोन्ही अर्धे जोडल्यावर चूक सापडली तर सोळाही शिवणी तपासाव्या लागतात.

एवढी काळजी का, याचा हिशेब सोपा आहे. दहा इंच त्रिज्येच्या गोलाचा घेर जवळजवळ त्रेसष्ट इंच. समजा तुमची शिवण दर वेळी फक्त अर्धा सूत जास्त आत गेली. दिसायला काहीच नाही, सुईची रुंदी म्हणा. पण एका फाकेचे दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत गेलं, सोळा फाकांचे सोळा सूत, म्हणजे घेर दोन इंचांनी कमी झाला. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मात्र तेवढंच राहिलं. मग कापड सपाट बसणार कसं? ते वाटीसारखं उचलतं. उलट शिवण कमी घेतली तर घेर वाढतो आणि कड पापडासारखी लाटा मारते. फाकांच्या कामात ही चूक लपत नाही. चौकोनी ठिगळांच्या वाकळीत एक ठिगळ इकडे-तिकडे झालं तर शेजारचं ते सांभाळून घेतं. इथे प्रत्येक चूक फिरून कडेला येते.

गंमत अशी की हीच चूक जाणूनबुजून केली की दुसऱ्या वस्तू तयार होतात. फाका मुद्दाम थोड्या अरुंद ठेवून कडेला गोलाई दिली की टोपी होते. छत्रीच्या आठ फाका अशाच असतात, म्हणून तर ती घुमटासारखी ताणली जाते. आणि कळ्यांच्या परकरात फाका खाली वाजवीपेक्षा रुंद असतात, म्हणून त्याचा घेर लाटा घेत फिरतो. टोपी, छत्री, परकर आणि आपला सपाट गोल, सगळे एकाच साच्याचे भाऊबंद, फरक दोन-चार सुतांचा.

आता चांदवा. इरकलीचा पदर लाल असतो, त्यातला तुकडा इथे शोभतो. पुठ्ठ्याची पाच इंच व्यासाची चकती कापा. कापड साडेपाच इंचांचं गोल घ्या. एखादी चहाची बशी त्या मापाची मिळते. कापडाच्या कडेनं बारीक धावदोरा घाला, मध्ये चकती ठेवा आणि दोरा ओढा. कड चकतीवर मुडपून बसेल. इस्त्री करा, चकती काढून घ्या आणि चांदवा भोकावर ठेवून कडेनं बारीक टाक्यांनी शिवून टाका. भोक चार इंचांचं, चांदवा पाच इंचांचा, म्हणजे चहूकडून अर्धा-अर्धा इंच तो फाकांवर चढतो.

अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत गोधड्यांचा अगदी असाच एक नमुना घरोघरी झाला होता. फाकांचं चाक, मध्ये चांदवा. तिकडे त्याला ड्रेस्डेन प्लेट म्हणतात, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या चिनी मातीच्या बश्यांवरून. मंदीच्या त्या वर्षांत पिठाच्या छापील पिशव्यांचं कापडसुद्धा बायकांनी अशा कामाला लावलं. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. मूळचे आफ्रिकेतले, आता कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, कुणी हिंदू. त्यांच्या बायकांच्या गोधड्या चांगल्याच नावाजलेल्या आहेत. त्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात आणि त्यांना फुला म्हणतात. कोपऱ्याला फुला नसेल तर गोधडी उघडी राहिली असं त्या मानतात. ठिगळाची अंगरखी सूफी फकिरांनी अंगावर घेतली, तिला खिरका म्हणत. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. ठिगळाची लाज वाटते ती घेणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला.

पुन्हा कामाकडे. अस्तराचं बावीस इंचांचं चौकोनी कापड सुलटी बाजू खाली करून पसरा. त्यावर जुन्या कापडाचे दोन थर, त्यावर फाकांचा गोल. हातानं सारखं करा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, मध्यापासून कडेकडे, सूर्याच्या किरणांसारखं. टाचण्या नकोत, त्या हाताला लागतात आणि थर उचलतात.

धावदोऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या वाकळीच्या उलट आहे. वाकळ कडेकडून आत शिवत जातात. कड आधी बांधली जाते, मग फेऱ्यामागून फेरा आत सरकतो. चार बायका चार बाजूंना बसलेल्या असतात, प्रत्येक जण पुढचं कापड तळहातानं सारखं करत असते, म्हणून ते जमतं. आपण एकटे बसणार आणि तुकडा मांडीवर घेणार. तेव्हा मध्यापासून बाहेर जा. म्हणजे सळ पडला तरी तो बाहेर ढकलला जातो आणि कडेला संपतो. चांदव्याच्या बाहेर अर्ध्या इंचावर पहिला फेरा, मग बोटभर अंतरानं पुढचे. शिंप्याच्या खडूनं आखायचे असतील तर घरातल्या वाट्या, ताटल्या, थाळ्या चढत्या मापानं पालथ्या ठेवा. दोरा सुती घ्या, मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान घाला. इंचाला पाच टाके पुष्कळ झाले. वाकळीला दोन-तीनच असतात.

असे नऊ फेरे होतात. सगळ्या फेऱ्यांची लांबी मिळून सुमारे ३४० इंच, टाके सतराशे. मिनिटाला वीस टाके धरले तर दीड तासाच्या आतलं काम. जोडणं, चांदवा, मगजी धरून दोन दुपारी.

हाच हिशेब मोठ्या वाकळीला लावून बघा. चार फूट रुंद, सहा फूट लांब वाकळ, बोटभर म्हणजे पाऊण इंच अंतरानं धावदोरा. दोऱ्याची वाट होते ३८४ फूट. इंचाला तीन टाके धरले तरी चौदा हजारांच्या घरात टाके. मिनिटाला वीसच्या वेगानं न थांबता साडेअकरा तास, आणि यात कापणं, जोडणं, टाचणं, उठून भाकरी थापणं काही धरलेलं नाही. गल्लीतल्या बाया मजुरीनं वाकळा शिवून देतात. गिऱ्हाईक म्हणतं, चिंध्या तर आमच्याच आहेत, तुमचा नुसता दोरा. मी अशा वेळी तिथे असले तर ३८४ फूट हा आकडा सांगते. गिऱ्हाईक ओशाळतं असं नाही, पण घासाघीस जरा कमी होते. शहरातल्या दुकानांत तीच वाकळ काचेआड टांगून विकतात, त्याचं मला दुःख नाही. विकली जावी. शिवणारीला तासांवर पैसे मिळावेत एवढंच म्हणणं आहे. लुगडं गिऱ्हाइकाचं असेल, तास तिचे आहेत. या गोल तुकड्याची एक सोय अशी की दोन दुपारचं काम असल्यानं त्याचे तास मोजता येतात आणि किंमत ठरवताना तोंड उघडता येतं. वाकळीचे तास महिनाभराच्या कामात विरघळून जातात. चार मुलींनी माझ्याकडून हे काम शिकून घेतलं. त्यांना पहिली गोष्ट मी हीच सांगितली, वहीत तास लिहा.

शेवटी मगजी. गोल कडेला सरळ कापलेली पट्टी बसत नाही, तिला चुण्या पडतात. उरेब पट्टीच हवी. चौकोनी कापड कोपऱ्याला कोपरा लावून तिरपं दुमडा, घडीवर कापा आणि त्या कापाला समांतर सव्वा-सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या काढा. घेर त्रेसष्ट इंच, म्हणून जोडून सदुसष्ट इंचांची पट्टी तयार ठेवा. आधी आतले थर आणि अस्तर फाकांच्या बरोबरीनं गोल कापून घ्या. पट्टी सुलट्या बाजूवर सुलटी ठेवून कडेपासून दोन सुतांवर शिवा, न ओढता. ओढली की कड पुन्हा वाटीसारखी उचलेल. मग ती उलट्या बाजूला वळवा, कड मुडपा आणि हातानं तुरपाई करा. कच्चे टाके शेवटी काढा, आधी नाही.

धुताना गार पाणी, साबण थोडा. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. आणि दोरीवर वाळत घालू नका. ओल्या कापडाच्या वजनानं उरेब कडा खाली ओढल्या जातात आणि गोलाचा लंबगोल होतो. खाटेवर सावलीत सपाट पसरा. गरम पातेलं थेट ठेवायचं असेल तर आतल्या दोन थरांऐवजी चार करा, पण मग मिनिटाला वीस टाके होणार नाहीत, बारा होतील.

त्या लुगड्याच्या साठांपैकी बारा फाका उरल्या होत्या. एका तुकड्याला आठच लागतात, म्हणजे आणखी एक तुकडा होऊन चार राहतात. आपाच्या नातीनं त्या मागून नेल्या आहेत. तिला टोपी करायची आहे.